आधी गप्प पोराकडे बघ



गेल्या आठवड्यात माझी भाची पुस्तकांची पिशवी घेऊन माझ्याकडे पोलादपूरला राहायला आली. तिची जीएनएमची परीक्षा तोंडावर आली आहे. मावशी नर्स होती, घरात शांतता आहे, मावशी प्रश्न विचारेल आणि अभ्यास होईल, असा तिचा हिशेब. पहिल्याच रात्री ती वैतागून म्हणाली, "मावशी, हे प्रश्न बघ ना. चारही उत्तरं बरोबर वाटतात. आणि विचारतात काय, तर सगळ्यात आधी काय कराल? पाठ केलेलं सगळं येतं गं मला. पण आधी काय करायचं, हे कसं कळायचं?"

मी म्हटलं, "अगं, त्यातलं एक उत्तर तर आपल्याच भागात सापडलंय. इथून जवळच, महाडच्या बिरवाडीत."

तिला मी जी गोष्ट सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते. तुमच्या गटात कुणाची मुलगी एएनएम किंवा जीएनएम करत असेल तर तिला जवळ बसवा. नसेल तरी ऐका, कारण ही गोष्ट विंचवाची आहे, आणि विंचू काय, तो सगळ्यांच्याच लाकडाच्या भाऱ्यात असतो.

आपल्याकडे दोन विंचू सगळ्यांना माहीत आहेत. एक मोठी काळी इंगळी. दिसायला भयंकर, पण जिवाला धोका त्या मानाने कमी. दुसरा छोटा लाल विंचू. जांभ्या दगडाच्या फटीत, पेंढ्यात, कौलाखाली, चपलेत तो दडून बसतो. हा लाल विंचू जगातल्या सगळ्यात घातक विंचवांमध्ये मोजला जातो.

विंचवाची आपली ओळख जुनी. एकनाथ महाराजांच्या भारुडात विंचू आहे, आणि गावोगावी विंचू उतरवणारे होते. त्यांचं नाव का व्हायचं, ते समजून घ्या. विंचू चावलेल्या पुष्कळ माणसांना नुसती कळ येते. जीव नकोसा करणारी कळ, पण नुसती कळ. काही तासांनी ती आपोआप उतरते. उतरली की श्रेय मंत्राला. एखादं पोर दगावलं तर म्हणायचं, त्याची वेळ भरली होती. उतरलेल्याची गोष्ट दहा गावं फिरायची आणि दगावलेल्याची घरातच राहायची. त्यामुळे कुणाला उतरतो आणि कोण दगावतं, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

तो प्रश्न विचारला एका तरुण डॉक्टरांनी. त्यांचं नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं देहेड हे त्यांचं गाव, शेतकऱ्याचं घर. नागपूरला एम.बी.बी.एस. करून 1976 मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. त्या काळचं आरोग्य केंद्र कसं असायचं ते आपल्यापैकी मोठ्या बायकांना आठवत असेल. अतिदक्षता विभाग नाही, मोठी यंत्रं नाहीत. डोंगरातल्या वाडीवरून डोलीत किंवा खाटेवर घालून माणूस आणायचा, तोही बहुतेक वेळा रात्री.

विंचू चावल्यावर तेव्हा दवाखान्यांतही जे सुचेल ते दिलं जायचं. अॅलर्जीची इंजेक्शनं, स्टिरॉइड, गुंगीची औषधं. तरीही माणसं मरत होती. पश्चिम भारतातला 1961 ते 1983 हा काळ घेतला तर विंचवाच्या विषाने फुप्फुसात पाणी होऊन शंभरातले 25 ते 30 रुग्ण दगावत होते, अशी नोंद आहे. त्यात लहान मुलं पुष्कळ.

आता बावस्करांनी केलं काय? नवीन औषध शोधलं, असं आपण पटकन म्हणतो. ते पुढचं. आधी ते रुग्णाजवळ बसले. विंचू चावलेल्या माणसाला दाखल करून घ्यायचं, त्याच्याजवळ थांबायचं, नाडी, रक्तदाब, श्वास बघायचा आणि लिहायचं. पुन्हा बघायचं, पुन्हा लिहायचं. असं करता करता त्यांच्या लक्षात आलं की जे रुग्ण पुढे गंभीर होतात त्यांच्या अंगावर काही खुणा आधीच दिसतात. उलटी होते. सगळ्या अंगाला दरदरून घाम सुटतो. तोंडातून तारेसारखी लाळ गळते. हातपाय गार पडतात. पुरुष आणि मुलगे असतील तर लिंगाला ताठरपणा येतो. या खुणा दिसल्या म्हणजे विष अंगभर गेलंय आणि आता हृदयावर संकट आहे.

आणि उलट बाजू. ज्याला प्रचंड कळ येतेय, जो ओरडतोय, पण ज्याला उलटी नाही, अंगभर घाम नाही, हातपाय गरम आहेत, तो त्या घडीला सगळ्यात कमी धोक्यात आहे. पुढे विंचूदंशाच्या चार पायऱ्या ठरल्या, त्यात नुसती तीव्र कळ ही पहिली, म्हणजे सर्वांत सौम्य पायरी आहे. दुसऱ्या पायरीवर घाम, उलट्या, गार हातपाय. तिसऱ्या पायरीवर फुप्फुसात पाणी. चौथ्या पायरीवर रक्तदाब कोसळतो, आणि तेव्हा गार पडलेले हातपाय पुन्हा गरम लागतात. ही गरमी बरं झाल्याची नसते. म्हणून नुसता हात लावून भागत नाही, नाडी आणि रक्तदाब बघावाच लागतो.

या खुणांबद्दल बावस्करांनी लिहिलेला लेख 1982 मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. जगभरचे डॉक्टर ते वाचतात. त्यात आपल्याकडच्या विंचवाची आणि आपल्या माणसांच्या गार हातपायांची नोंद झाली.

आता औषधाकडे येऊ. हातपाय गार का पडतात? विंचवाचं विष अंगातल्या नसांना सारखं डिवचत राहतं. आपण घाबरलो की अंगात जो रस सुटतो, तो बेसुमार सुटतो. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार. तुम्ही भातशेती करणाऱ्या, तुम्हाला हे लगेच कळेल. खालच्या खाचराची मोरी बुजली की पाणी वरच्या खाचरात चढतं. तसंच इथे. पुढच्या वाहिन्या आवळल्या, हृदय जोर लावून थकलं, की पाणी मागे फुप्फुसात तुंबतं. दम लागतो, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. आपल्याच फुप्फुसातल्या पाण्यात माणूस बुडतो.

अशा वेळी मोरी मोकळी करायला हवी. प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी रक्तदाबासाठी आधीपासून वापरात होती. ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते. बावस्कर मधल्या काळात पुण्यात एम.डी. करून पुन्हा आपल्या भागात आले होते. 1984 पासून विंचवाच्या रुग्णांना ही गोळी मिळू लागली. 1986 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिच्याबद्दल छापून आलं. त्या लेखावर दोन नावं होती, डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर. पुढच्या कितीतरी लेखांवर ही दोन नावं बरोबर आहेत. शंभरात 25 ते 30 मृत्यू होत होते, तिथे ते प्रमाण 1 वर आलं. 2022 मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

एवढं ऐकून भाची म्हणाली, "मावशी, ही डॉक्टरांची गोष्ट झाली. नर्सचं काय यात?"

मी तिला माझी स्वतःची एक रात्र सांगितली. मी तेव्हा शिकाऊ होते, दुसऱ्या वर्षाला. कुठल्या रुग्णालयात ते सोडून द्या. पावसाळा सरला होता, भातकापणीचे दिवस होते. रात्री दोन मुलं एकदमच आली. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी, हाताला विंचू चावलेला. तिच्या किंकाळ्यांनी सगळा वॉर्ड जागा झाला. दुसरा पाच वर्षांचा मुलगा, आईच्या मांडीवर गप्प पडलेला. आई म्हणाली, "याला पण चावलाय, पण हा शहाणा आहे, रडत नाही." मी मुलीकडे धावले. तिच्या हाताला बर्फ लावला, तिची समजूत काढत बसले. डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकलेले. मला वाटलं, मी किती छान सांभाळतेय.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. मुलीकडे त्यांनी एक नजर टाकली आणि सरळ त्या मुलाकडे गेल्या. त्याच्या पायांना हात लावला. मला हाक मारली. "इकडे ये. हात लाव." त्याचे पाय पाण्यातून काढल्यासारखे गार होते. सदरा घामाने चिंब. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वाटेत दोनदा उलटी झाली. मी तिला हे विचारलंच नव्हतं. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "रडणाऱ्या पोराच्या अंगात रडायची ताकद आहे. आधी गप्प पोराकडे बघ."

मुलगा वाचला. सकाळी त्याने पाणी मागितलं. पण त्या रात्री सिस्टर दहा मिनिटं उशिरा आल्या असत्या तर, हा विचार मी नोकरीची सगळी वर्षं बरोबर बाळगला. मला विंचूदंशाची लक्षणं पाठ होती. परीक्षेत मी ती धडाधड लिहिली असती. पण समोर मूल होतं तेव्हा मी आवाजामागे गेले.

मैत्रिणींनो, इंग्रजी पुस्तकात ज्याला क्लिनिकल जजमेंट म्हणतात, त्याला आपल्या भाषेत पारख म्हणू या. बाजारात आपण मासळी घेतो तेव्हा कोळीण काय ओरडते ते ऐकून घेत नाही. कल्ला उघडून बघतो. पारख म्हणजे तेच. खूण शोधायची, तिचा अर्थ लावायचा, सगळ्यात आधी जिवावरचं काय आहे ते ठरवायचं, करायचं, आणि केल्याचा गुण आला का ते पुन्हा जाऊन बघायचं. शेवटची पायरी मुली विसरतात. औषध दिलं की काम संपलं, असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये नर्सिंगवर पुस्तक लिहिलं, तेव्हाही त्यात रुग्णाचं निरीक्षण कसं करावं यावर एक आख्खं प्रकरण होतं.

ही प्राझोसिनची गोळीच बघा. नर्सच्या डोळ्यांशिवाय ती धोक्याची आहे. वाहिन्या सैल होतात म्हणजे रक्तदाब उतरतो. पहिल्या डोसानंतर रुग्ण एकदम उभा राहिला तर चक्कर येऊन पडेल. म्हणून त्याला आडवंच ठेवायचं. लेकरू रडलं की आई त्याला उचलून खांद्यावर घेते, ते तिने करू नये हे तिला कोण समजावणार? नर्सच. मग पहिले 3 तास दर अर्ध्या तासाला नाडी, रक्तदाब, श्वास. पुढचे 6 तास दर तासाला. हातपाय गरम झाले का, आणि त्याबरोबर नाडी-रक्तदाबही जागेवर आले का, ते बघायचं. गोळी पुन्हा द्यायची की थांबवायची, हे डॉक्टर त्या नोंदींवर ठरवतात. लेखावर नाव डॉक्टरांचं येतं. रात्री दोन वाजता पाय चाचपून कागदावर आकडा लिहिणारीचं नाव कुठे येत नाही. पण तो आकडा नसेल तर डॉक्टर आंधळेच.

आता चूक कुठे होते तेही सांगते, कारण रुग्णाची सुरक्षितता हा भाचीच्या अभ्यासातला दुसरा मोठा धडा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. पाचही मुलींना पाठ असतात. या गोळीवर ते लावून बघा. मुलांना मात्रा वजनावर, किलोला 30 मायक्रोग्रॅम. 10 किलोचं मूल असेल तर 300 मायक्रोग्रॅम, म्हणजे 0.3 मिलिग्रॅम. टिंब एक घर सरकलं की 3 मिलिग्रॅम, दहापट. मुलाचं वजन अंदाजाने लिहिलं तर हिशेब पहिल्याच पायरीला चुकला. याच औषधाच्या काही गोळ्या अंगात हळूहळू विरघळणाऱ्या असतात, त्या मोडून द्यायच्या नसतात. म्हणून पाकिटावरचं नाव पूर्ण वाचायचं, आणि हिशेब दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायचा. तपासून घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांनी लिहिलेला आकडा वेगळा वाटला तर "सर, एकदा बघता का" एवढं म्हणायचं धाडस मुलींनी आत्तापासून अंगी बाणवावं. आणि हे ऐकून कुणी घरात ही गोळी आणून ठेवू नका. नोंद ठेवणारं कुणी नसेल तर तीच गोळी घात करील.

नातेवाईक आग्रह धरतात त्याचंही सांगते. "सिस्टर, सलाईन लावा ना." सलाईन लागली म्हणजे उपचार झाला, असं आपल्याला वाटतं. पण खाचरात पाणी तुंबलेलं असताना वरून आणखी पाणी सोडून चालेल का? फुप्फुसात पाणी होत असताना भराभर सलाईन चढवली तर जीव जाईल. तोंडाने पाणी द्यायचं की शिरेतून, किती द्यायचं, हे त्या रुग्णाकडे बघूनच ठरवावं लागतं.

बिरवाडीत सुरू झालेलं बघणं पुढेही थांबलं नाही. लाल विंचवाच्या विषावर हाफकिनची लस आली. तेव्हा प्रश्न आला, नुसती गोळी बरी की गोळी आणि लस दोन्ही? बावस्कर पतीपत्नींनी महाडच्या आपल्या रुग्णालयात 70 रुग्णांचा अभ्यास केला. 35 जणांना नुसती गोळी, 35 जणांना गोळी आणि लस. दहा तासांनी बघितलं तर दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32 जण पूर्ण बरे होते, नुसती गोळी मिळालेल्यांपैकी 8. बरं व्हायला एकीकडे सरासरी 8 तास लागले, दुसरीकडे 17.7 तास. 2011 मध्ये हा अभ्यास इंग्लंडच्या 'बीएमजे' या नियतकालिकात छापला गेला. ज्या गोळीने आपलं नाव झालं, तीच एकटी पुरेशी आहे का, असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला. भाचीला मी म्हटलं, पारख म्हणतात ती हीच. आपलं कालचं उत्तर आज पुन्हा तपासायचं.

शेवटी आपल्या गटांसाठी. वाडीवर रात्री कुणाला विंचू चावला तर आपलंही काम नर्सइतकंच आहे. माणसाला आडवं ठेवा. कापू नका, आवळून बांधू नका, उतरवणाऱ्याची वाट बघत बसू नका. 108 ला फोन करा, किंवा जी गाडी मिळेल तिने दवाखाना गाठा. वेळेची नोंद ठेवा. चावला किती वाजता, पहिली उलटी किती वाजता, घाम कधी सुटला. दर थोड्या वेळाने पायांना हात लावून बघा. वाटेत काही पाजलं असेल, कुणाकडे नेलं असेल तर न घाबरता सांगा, कुणी रागावलं तरी सांगा. मुलग्याच्या बाबतीत मघाशी सांगितलेली ती खूण लाजून लपवू नका. ती सांगितल्याने डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतील. आणि लहान मूल गप्प असेल तर ते शहाणं आहे म्हणून निश्चिंत होऊ नका.

काल रात्री भाचीने माझीच परीक्षा घेतली. म्हणाली, "मावशी, वॉर्डात चार रुग्ण आहेत. एक चहा मागतोय, एक भांडतोय, एकीला कळ येतेय, आणि एक म्हातारी सकाळपासून काही बोललेली नाही. सगळ्यात आधी काय कराल?"

मी काही बोलायच्या आत तिनेच उत्तर दिलं. "म्हातारीच्या पायाला हात लावून बघेन."

बघू या, परीक्षेत किती गुण पडतात. माझ्याकडून तर ती पास झाली.

येते मी. काळजी घ्या, आणि सकाळी चप्पल झटकून मगच पायात घाला.